रॉकेलमध्ये धुतलेला कूलर

काल आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये रंगाऱ्यानं ब्रश धुवायला रॉकेल ओतलं आणि त्या वासानं मला जुन्या घराच्या अंगणात नेलं.

आमची पहिली मुलगी जन्मली ती मृतच. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. ह्यांचा ट्रक तेव्हा आयटी कंपन्यांच्या नव्या इमारतींना वाळू पुरवायचा. इंजिनाचं तेल थंड करणारा कूलर फुटल्यामुळे तो दारातच उभा होता. ह्यांनी भंगारातून एक जुना कूलर आणला होता आणि बसवण्याआधी तो रॉकेलनं धूत बसले होते.

मी पायरीवर येऊन बसले. रडू येत नव्हतं. काहीच होत नव्हतं. कूलर हलवला की काळं, चिकट तेल घमेल्यात गळायचं आणि त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकायचा.

"आत जरा जरी कचरा ऱ्हायला, तर समदं इंजिन जाईल," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

ह्या माणसाला आज इंजिन सुचतंय, असं मनात आलं. पण रागही आला नाही. मी उठले आणि कॅनमधून रॉकेल ओतू लागले.

हळूहळू ते नितळ बाहेर यायला लागलं.

"अहो, झालाय की साफ."

"अजून एकदा ओत."

मी ओतलं. उन्हं कलेपर्यंत ते तो स्वच्छ कूलर धूतच राहिले. आता कळतं, त्यांना तो बसवायचाच नव्हता. बसवला असता तर ट्रक सुरू झाला असता, आणि मला त्या घरात एकटीला सोडून त्यांना कामावर जावं लागलं असतं.