दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत

बहरीनहून कुवेत हवाई मार्गाने साधारण सव्वाचारशे किलोमीटर. इंटरनेट म्हणतं, उड्डाण पाऊण तासाचं. तिकिटावर एक तास दहा मिनिटं. बहरीनमधल्या अदलिया भागातल्या एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात बावीस वर्षं बसणाऱ्या वसईच्या रेजिना तुस्कानो दोन्ही आकड्यांवर विसंबत नाहीत. परत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या विचारतात, विमानाचं दार कधी लागलं आणि कधी उघडलं? उत्तर तारखेसह वहीत जातं. लोक हसायचे. आता विमानात बसल्याबरोबर तेच घड्याळ बघतात.

गेल्या जानेवारीत शिरीष केतकर त्यांच्याकडे आले. मूळचे पुण्याचे, इथे इंजिनिअर. त्यांची आई इरावतीबाई शहात्तर वर्षांची, नाकाला सतत ऑक्सिजनची नळी. कुवेतला राहणाऱ्या शिरीषच्या मुलीच्या बाळाचं शुक्रवारी बारसं होतं. शिरीष हिशेब करूनच आले होते. ऑक्सिजनच्या मशीनची बॅटरी अडीच तास चालते. एअरलाइनला प्रवासाच्या दीडपट बॅटरी लागते, म्हणजे पावणेदोन तास. पाऊण तास हातात उरतो.

रेजिनाबाईंनी वहीतले जानेवारीतले सकाळचे प्रवास काढले. बहुतेक दीड तासाच्या आतले. चार मात्र धुक्यात अडकलेले. त्यातला एक दोन तास पन्नास मिनिटांचा.

"आधी दुसरी बॅटरी आणा, मग तिकीट," त्या म्हणाल्या.

शिरीष वैतागले. नवी बॅटरी यायला दहा दिवस लागणार होते, तोवर बारसं उरकलं असतं. आणि सगळं नियमात बसत होतं. "मॅडम, तुम्ही एअरलाइनपेक्षा कडक आहात."

"एअरलाइनला नियम पाळायचाय, सर. काकूंना श्वास घ्यायचाय."

एवढं बोलून त्यांनी जवळच्या मआमीर गावातल्या कनीज या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. तिच्या वडिलांना वर्षभरापूर्वी त्यांनीच असल्याच मशीनसह मुंबईला पाठवलं होतं. बॅटरी कपाटात पडून आहे, यल्ला, चला, घेऊन जा, असं कनीज म्हणाली. शिरीष ती घेऊन आले, तर रेजिनाबाईंनी ती चार्ज करून घरी घड्याळ लावून चालवून बघायला सांगितली. दोन तास वीस मिनिटं चालली. तेव्हा कुठे मायलेकांची गुरुवार सकाळची तिकिटं निघाली.

गुरुवारी कुवेतवर धुकं उतरलं. साडेदहा झाले तरी कॉम्प्युटरवर विमान पोचल्याची नोंद नव्हती. समोरच्या गिऱ्हाइकाला रेजिनाबाईंनी भलत्याच तारखेचं तिकीट काढून दिलं. असं त्यांच्या हातून होत नाही.

साडेअकराला शिरीषचा फोन आला. दार लागल्यावर विमान दीड तास इथल्या मुहर्रक विमानतळावरच उभं होतं, मग कुवेतवर घिरट्या घालत राहिलं. पहिली बॅटरी हवेत असतानाच संपली. दुसरी शेवटपर्यंत पुरली, हे त्यांनी आपणहून सांगितलं. दार लागल्यापासून उघडेपर्यंत तीन तास पंधरा मिनिटं. तेवढ्यात आईनेच फोन ओढून घेतला.

"रेजिना, मस्कतला माझी भाची असते. तिकडे किती बॅटऱ्या लागतील?"

"तीन, काकू. आणि हिशेबाला मुलाला बसवू नका."

"त्याला नेतंय कोण?" इरावतीबाई म्हणाल्या.