लिंबू-मिरचीवरचं घरटं

आमचे हे सोलापुरी चादरींचा ट्रक घेऊन पार चेन्नईपर्यंत जातात. ते सुखरूप परतावेत म्हणून सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, दर शनिवारी दारावरची लिंबू-मिरची बदलणार म्हणजे बदलणारच. अंगात ताप असो, नाहीतर घरात पाहुणे. मी आपली हसायची. "आत्या, ट्रकला ब्रेक असतात की," म्हणायची.

या उन्हाळ्यात त्या लिंबू-मिरचीच्या दोऱ्यालाच एका शिंजिरीनं घरटं बांधायला घेतलं. अंगठ्याएवढी पाखरीण, पण काय तोरा! झाडून काढायचा मी आळस केला होता, ती सगळी जळमटं तिच्या कामी आली. शेजारच्या मागावरचा कापूस आणला, चादरीचा एक लाल धागाही विणला. नर नुसता तारेवर बसून ओरडायचा. "सगळीकडं सारखंच बाई," मी म्हटलं, तशा आत्या खुदकन हसल्या.

शनिवारी आत्या नवी लिंबू-मिरची घेऊन स्टुलावर चढल्या. घरट्यातून इवलीशी चोच बाहेर आली. ती अंड्यांवर बसली होती. दोरा काढला असता तर सगळंच खाली आलं असतं.

"ऱ्हाऊ दे," म्हणत आत्या उतरल्या.

खरं सांगते, घाबरले ती मीच. एवढी हसणारी मी! हे तेव्हा घाटात होते आणि फोन लागत नव्हता.

"आत्या, मागच्या दाराला तरी बांधू या की."

"कशाला? तिचं घर मोडून माझ्या लेकाचं भलं व्हतंय व्हय गं? बसलीया की ती दारात."

म्हणाल्या खऱ्या, पण दिवसभर उंबऱ्यात शेंगा फोडत रस्त्याकडंच बघत होत्या. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा हॉर्न वाजला. हे दाराशी पोचले तोच आत्या ओरडल्या, "थांब! डोकं लागंल तिला. मागनं ये."

"आई, माझंच घर हाय की हे!"

मागच्या दारात आत्यांनी त्यांच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी पुढच्या दारात जाऊन शिंजिरीला हात जोडले. डोळे भरून आले होते, कुणाला दाखवले नाहीत.

पिल्लं कधीच उडून गेली. रिकामं घरटं अजून तिथंच आहे, आणि नवी लिंबू-मिरची आत्या शेजारच्या खिळ्याला बांधतात. हे निघताना मात्र घरट्याकडं बघून म्हणतात, "येतो गं."

तिच्या वतीनं मीच म्हणते, "या."