ब्राझीलचा हेवा

मंडळी, आज मले चक्क एका देशाचा हेवा वाटला. हसू नका.

सकाळी ओसरीवर माही पोरगी प्राजक्ता कॉलेजसाठी आलेख काढून राह्यली होती. कागदाच्या लगद्यासाठी पाईनसारखं मऊ लाकूड कोणत्या देशात कोणत्या काळात किती निघालं, त्याचा. फिनलंड, कॅनडाच्या रेघा पार वर. आपली तळाले चिकटलेली.

"त्यांच्याकडं थंडी हाय," मी म्हनलं. "आपल्या किन्हीराजा गावात कुठून येईन पाईन?"

"मंग ब्राझीलले पाहा ना बाबा! तो तं गरम देश. सुरुवातीले तोबी तळाशीच होता, मंग चढत गेला."

"कसा काय?"

"झाडं लावली त्यांनी. अन् वाट पाह्यली."

तेवढ्यात घरासमोरून जगदीशचा ट्रक गेला. निलगिरी भरलेली, कागद कारखान्याले चाललेली. त्याचं मुरमाड वावर अन् माहं, मधात फक्त धुऱ्याचा बांध. त्याच्यात निलगिरी, माह्यात कुसळं. असा जळफळलो का चहा तसाच ठेवून मी त्याच्या वावरात गेलो. तो तिथं उरलेली झाडं तोडून राह्यला होता.

"जगदीश, लय जळून राह्यलो मी तुह्यावर."

तो घाम पुसत हसला. "झाडं लावली तवा मी तुह्यावर जळत होतो. मी उन्हात खड्डे खंदत होतो, अन् तू निंबाखाली मस्त झोपत होता."



खरं सांगतो, जळजळ अजून गेली नाई. पण उद्या झाडांसाठी खड्डे खंदाले टिकास घेऊन वावरात चाललो.

तुमच्या धुऱ्यापलीकडं कोण हाय, ज्याच्यावर तुमी जळता?