शिवलेला खिसा

आमचे आबा शर्टाच्या आत कायम बंडी घालतात. पांढऱ्या कापडाची, आतल्या बाजूला ऐसपैस खिसा असलेली. दूध संघातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, गाव सुटून कोल्हापूरच्या शाहूपुरीत घर झालं, पण बंडी सुटली नाही. आणि ती बंडी आई हातानं धुते. मी भांडून घ्यायला लावलेलं वॉशिंग मशीन घरात आहे. त्यात चादरी जातात, पडदे जातात, आबांचे शर्टही जातात. बंडी जात नाही. "मशिनीला कॉलर नीट निघत न्हाय," असं आईचं म्हणणं. बंडीला कॉलर नसते हे तिला सांगण्यात काही अर्थ नसतो. ते काम तिचं आहे, एवढंच तिला म्हणायचं असतं.

मागच्या उन्हाळ्यात हे दोघं पहिल्यांदा परदेशी निघाले. कोल्हापुरातल्याच एका टूरवाल्याबरोबर, आपल्याच माणसांच्या घोळक्यात, युरोपला. निघण्याआधी टूरवाल्यानं सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावून चहा पाजला आणि निक्षून सांगितलं की फिरायला बाहेर पडताना पासपोर्ट हॉटेलातल्या लॉकरमध्ये ठेवायचा, जवळ फक्त झेरॉक्स ठेवायची. तिकडं खिसेकापू फार. मी आबांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलवली. त्यांनी मान डोलवली की समजायचं, हा माणूस ऐकणार नाही.

"आपली वस्तू आपल्या अंगावर," घरी आल्यावर ते म्हणाले. "लॉकर काय माझ्या बापाचा हाय व्हय?"

आबांचं गाव नेसरीकडचं. त्यांचे वडील बैल घ्यायला बाजाराला निघाले की घरची बाई बंडीच्या आतल्या खिशात पैसे ठेवायची आणि खिशाचं तोंड सुईदोऱ्यानं शिवून टाकायची. सौदा ठरला की मगच टाके उसवायचे. त्या खिशाला कधी कुणाचा हात लागला नाही, हे आबांनी आम्हाला लहानपणापासून इतक्या वेळा ऐकवलंय की बैलापेक्षा खिसाच जास्त लक्षात राहिलाय. तर आता बैलाच्या पैशाच्या जागी पासपोर्ट आला. शिवायचं काम आईकडं आलं.

आईचा स्वतःचा पासपोर्ट मात्र लॉकरमध्ये राहायचा. माझ्या अंगावर खिसाच न्हाय तर, असं ती म्हणायची. रोज सकाळी आबांचा खिसा शिवायचा, रोज रात्री उसवायचा. नवीन हॉटेलात उतरलं की काउंटरसमोर आबा शर्टाची बटणं सोडून उभे राहायचे, आई दातानं दोरा तोडायची, आणि मागं सगळी माणसं बॅगा धरून ताटकळायची. व्हिडिओ कॉलवर हे सगळं ती हसत हसत सांगायची. मीही हसायचे. टूरवाला काय हसत नसणार.

शेवटचा मुक्काम रोमला होता. शनिवारी सकाळी मी डबे भरत होते, तेव्हा आईचा फोन आला. तिकडं अजून उजाडलंही नसणार, हे लक्षात येऊन मी डबा तसाच ठेवून फोन घेतला.

"धुतली गं मी," ती म्हणाली. "ब्रशनं धुतली."

काय धुतलं ते कळायला मला वेळ लागला. उन्हात दिवसभर चालून आबा आले ते तसेच आडवे झाले. बंडी घामानं भिजलेली. दुसऱ्या दिवशी विमानात तीच घालायची, म्हणून आईनं बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं, कोल्हापुरातून नेलेली पावडर टाकली आणि बंडी बुडवली. बऱ्याच वेळानं ब्रश मारायला घेतली. खिसा उसवायचा राहिला होता. हाताला आत काहीतरी जाड लागलं, तेव्हा काय ते तिला कळलं. मग केस वाळवायच्या मशीननं तिनं एकेक पान वाळवलं. फोटोचं पान सुटून आलं होतं आणि फोटोतल्या आबांना तोंड राहिलं नव्हतं.

"आबा काय म्हणाले?"

"काय न्हाय. असूं दे म्हणाले."

हे ऐकून मी जास्त घाबरले. भाजीत मीठ कमी पडलं तर गल्लीला ऐकू जाईल असं ओरडणारा हा माणूस. त्यानं असूं दे म्हणावं, म्हणजे गोष्ट फारच वाईट झाली होती.

विमान त्याच दिवशी दुपारचं. पासपोर्ट असा, तर विमानात कुणी घेईना. दूतावास शनिवार-रविवार बंद. तिथून परतीचा तात्पुरता कागद मिळाल्याशिवाय आबांना निघता येणार नव्हतं. आणि आईच्या व्हिसाची मुदत संपत आलेली. आबांना थांबायला निदान कारण होतं, आई थांबली तर तिचं काय होईल हे कुणालाच नक्की सांगता येईना. मी टूरच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस म्हणाला, "बसा मॅडम, चहा घ्या. आमी सांगितलंवतं की लॉकरला ठेवा म्हणून." त्याचं खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच मला त्याच्या अंगावर तो चहा ओतावासा वाटला.

मोबाईलवर शोधत बसले. परदेशात फिरताना पासपोर्ट जवळ ठेवावा की ठेवू नये, यावर जगभरच्या शहाण्यांनी लिहून ठेवलंय. निम्मे म्हणतात ठेवा, पोलीस विचारतात. निम्मे म्हणतात ठेवू नका, चोर मारतात. ब्रशनं घासला तर पुढं काय करायचं, हे कुणीच लिहिलेलं नाही.

आई फोनवर एकच धरून बसली होती. "मी हितंच ऱ्हातो. त्यांला एकटं टाकून मी कशी येऊ?" मागून आबांचा आवाज आला, "तू जा. दोघं अडकून काय करायचं?" तोही आवाज चढवून नाही. आई आली. लग्नानंतर कधी गावाजवळच्या गडहिंग्लजलाही एकटी गेली नव्हती, ती त्यांना रोममध्ये ठेवून आली.

घरी आल्यावर तिनं बॅगा उघडल्या नाहीत. आणि आमच्या गल्लीची रीत अशी, की परदेशातून कुणी आलं की गोष्टी ऐकायला आणि चॉकलेटं खायला माणसं येणारच. तशी माणसं आली. "आबा कुठं हायत?" या प्रश्नाला उत्तर दिलं की लगेच वाद सुरू. "लॉकरमधेच ठेवायचा असतोय ओ वहिनी." "छ्या, लॉकरचा काय भरवसा, अंगावरच पायजे, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून." "आमचा भाचा दुबईला तर पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपतोय." आई सगळ्यांना चहा देत होती आणि प्रत्येकाला होय म्हणत होती. एका बाईनं हसत विचारलं, "वहिनी, पावडर कुठली हो वापरता?" सगळे हसले. आईही हसली, आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी मागं गेले.

"चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "आता ते माझ्यावर कधी ओरडायचेच न्हाईत बघ."

तिला भीती होती ती ही. आबा परत येतील, हे तिला ठाऊक होतं. ते पहिल्यासारखे परत येतील की नाही, हे तिला कळत नव्हतं.

आबांचे फोन यायचे. एका लहानशा हॉटेलात त्यांची सोय झाली होती. खाली एका बांगलादेशी माणसाचं दुकान होतं, त्याच्याशी ते हिंदीत बोलायचे. भात मिळतो म्हणायचे. आई जवळच बसलेली असायची, पण फोन हातात घ्यायची नाही. "जेवलात का इचार," असं मला खुणेनं सांगायची. मी विचारायचे. "जेवलो की," ते म्हणायचे. "तिला सांग, बंडी हाय माझी धुतलेली." मी सांगायचे, आणि आई उठून जायची. हे आबा चिडून म्हणताहेत की मायेनं, हे फोनवर कळायला मार्ग नव्हता. आमच्या घरात माया आणि राग एकाच पट्टीत बोलले जातात. पट्टीच उतरली, तर ओळखायचं कशावरून?

शेवटी त्यांना कागद मिळाला आणि ते आले. बारीक झाले होते. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तांबडा-पांढरा रस्सा केला. आबा जेवले. रस्सा कसा झालाय, यावर काही बोलले नाहीत. खरं तर मीठ कमी होतं. आईनं मुद्दाम कमी टाकलं होतं, हे मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं. ती वाट बघत होती. आबांनी मिठाची वाटी ओढली, चिमूटभर घातलं आणि जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तेव्हा मागच्या दारी दगडावर कपडा आपटल्याचा आवाज येत होता. आई तर स्वयंपाकघराच्या दारात उभी. मागं आबा उकिडवे बसून आपली बंडी धूत होते. साबण जास्त लावला होता, पिळता नीट येत नव्हतं.

"द्या की हिकडं," आई म्हणाली.

"असूं दे. जमतंय मला आता."

आईनं माझ्याकडं बघितलं. "तू तर सांग की गं त्यांला." आई आत गेल्यावर मी सांगायला गेले. आबांनी बंडी झटकली, दोरीवर टाकली आणि हळू आवाजात म्हणाले, "तिच्या जिवाला लागलंय ते. परत हातात बंडी दिली, की रोज आठवंल तिला. म्हणून मी धुतोय. तू काय बोलू नको." मी आत येऊन आईला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "असं तुला म्हणाले व्हय," ती म्हणाली. "मला का न्हाय म्हणाले?" मी बाहेर आले, परत आत गेले. दोघांच्या मधे नुसत्या फेऱ्या मारण्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं.

दुपारी आबा झोपले. आई मागच्या दारी गेली. बंडी कडक वाळली होती, पांढरी होती, तिला धुण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. आईनं ती दोरीवरून काढली, आतला खिसा पुरता उलटा करून बघितला, आणि बादलीत बुडवली.