दोऱ्याचं दुसरं टोक

साळवेमामा पाटी रंगवताना अक्षरं आधी काढायचे आणि त्यांच्या डोक्यावरची रेघ सगळ्यात शेवटी. बाकीचे पेंटर आधी रेघ मारून अक्षरं खाली लटकवतात. मामांना ते पटायचं नाही. "आधी अक्षराला स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. छप्पर काय, नंतर घालता येतं," म्हणायचे. आणि ती रेघ ते एकट्यानं कधी मारत नसत. दोऱ्याला नीळ चोळायची, एक टोक स्वतः धरायचं, दुसरं पाटीच्या मालकाच्या हातात द्यायचं, दोरा ताणून मधोमध टिचकी मारायची. निळी रेघ उमटली की त्यावरून ब्रश.

उल्हासनगरच्या कापडबाजारात मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. पांढऱ्याशुभ्र सफारीतले एक शेठजी स्टुलावर चढून दोऱ्याचं टोक धरून उभे, बोटं निळी, आणि तोंडानं "अरे साईं, शाम को उद्घाटन है, तुम ही खींच लो ना!" मामा ढिम्म. "शेठ, बोर्ड आपका, लाइन आपके हाथ से. और हिलना मत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धरणाऱ्याचा हात हलला की रेघ दुहेरी उठते, प्रकाशराव. मग तो म्हणतो पेंटर वाईट."

मी बदलापूरला कात्रपमध्ये त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचो. अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून होतो. मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. पण मी कविता करतो हे कळल्यापासून मला 'प्रकाशराव' म्हणायचे, अर्धं कौतुकानं, अर्धं चेष्टेनं. त्यांची एकच तक्रार असायची. उल्हासनगरच्या पाट्या बहुतेक हिंदीत. "महिना महिना एक ळ मिळत नाही हो! माझ्या आडनावात ळ आहे आणि हाताला ळ नाही. काय म्हणावं या धंद्याला?"

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आम्ही पाच जणांनी मासिक काढायचं ठरवलं. पुढाकार आमच्या कारखान्यातले अधिकारी परांजपे यांचा. मोठा वाचक माणूस, मनानं सरळ. नाव ठरलं 'वळचण'. आता मुखपृष्ठावर ते नाव कसं दिसावं, म्हणजे आमच्या भाषेत बोधचिन्ह, ते ठरवायचं होतं. परांजप्यांचा भाचा मुंबईत जाहिरात कंपनीत होता, तो एक डिझाइन पाठवणार होता. मी भीतभीत म्हटलं, आमच्याकडे एक पेंटर आहेत. परांजपे म्हणाले, "अरे मग विचार ना, छानच!"

मामांना नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. "व, ळ, च, ण! ळ पण आणि ण पण? मेजवानीच की हो!" पंधरा दिवस बाबा घरी आला की पुठ्ठा घेऊन बसतो, जेवायला उठत नाही, असं त्यांची दहा वर्षांची सुनीता मला सांगायची. एकदा मामा हळूच म्हणाले, "पाटी दोन उन्हाळ्यांत उडते. दुकान बदललं की वरून दुसरा रंग मारतात. छापलेलं राहतं, प्रकाशराव. एवढं एक राहू दे माझं."

गुरुवारी त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला. काय अक्षरं होती! तो ळ तर नुकताच अंघोळ करून आल्यासारखा तजेलदार. डोक्यावर रेघ नव्हती, अर्थातच. "अक्षरं दाखवा. पसंत पडली तर रविवारी दुपारी सगळे माझ्याकडे या. दोरा तुम्ही पाचांनी धरायचा, मासिक तुमचं आहे. एवढं सांगा त्यांना."

रविवारी सकाळी परांजप्यांच्या घरी बैठक झाली. टीपॉयवर दोन कागद मांडले. ज्याला जे आवडेल त्याच्यावर त्यानं आगकाडी ठेवायची, अशी परांजप्यांची पद्धत. मुंबईचं डिझाइन सुबक होतं, गुळगुळीत, जरा थंड. परांजपे मामांच्या पुठ्ठ्यावर वाकले. "अहो, हा ळ बघा! पण हे अर्धवट कसं? डोक्यावर रेघच नाही. प्रकाश, तुझ्या ओळखीचे ना हे? काय भानगड आहे?"

एक वाक्य बोलायचं होतं. त्या घोळक्यात आमच्या वस्तीतला मी एकटाच. मला वाटलं, आता बाजू घेतली तर म्हणतील, आपल्या माणसासाठी बोलतोय. तसं कोणी म्हणालं नव्हतं, कोणाच्या मनातही नव्हतं बहुधा. माझ्याच मनात होतं. आणि दोरा, नीळ, कात्रपच्या दोन खोल्यांत या मंडळींना घेऊन जायचं, याचीही मला लाज वाटली. वाटली, खोटं कशाला बोलू! मी म्हणालो, "माहीत नाही. घाई झाली असेल त्यांना."

चार काड्या मुंबईच्या कागदावर पडल्या. पाचवी माझी. तीही मी तिकडेच टाकली.

दुपारी मी घरात तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिलो. संध्याकाळी जाऊन सांगितलं, "मामा, त्यांनी मुंबईचं घेतलं." मामांनी विचारलं, "रेघेचं सांगितलंत ना?" मी म्हटलं, "सांगितलं की." "मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पुठ्ठा परत घेऊन कपाटावर ठेवला.

पहिला अंक निघाला. परांजप्यांच्या घराबाहेरच्या खोलीत मासिकाचं कार्यालय थाटलं, त्याला पाटी हवी होती. परांजपे म्हणाले, "तुझ्या त्या पेंटरांनाच बोलाव." मला वाटलं मामा नाही म्हणतील. पण आले. अंक समोर ठेवून दुसऱ्याची अक्षरं त्यांनी तंतोतंत उतरवली, कुठे केसभर फरक नाही. मग दोऱ्याला नीळ चोळली आणि टोक माझ्या हातात दिलं. टिचकी मारली. रेघ दुहेरी उठली. मामांनी फडक्यानं पुसली आणि शांतपणे म्हणाले, "परत धरा."

मामा ब्रश धूत होते, तेव्हा परांजपे बाहेर आले. अगदी मनापासून म्हणाले, "साळवे, तुमचा ळ मला फार आवडला होता हो! पूर्ण करून दिलं असतंत तर तेच घेतलं असतं आम्ही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, ब्रश झटकायला लागतो तेवढाच. मग परांजप्यांना म्हणाले, "राहून गेलं साहेब."

त्यानंतर ते माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की जय भीम, मुलाबाळांची चौकशी, सगळं होतं. फक्त 'प्रकाशराव' म्हणायचे थांबले. 'गायकवाड साहेब' म्हणू लागले. भांडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते. साहेब माणसानं पाय कसे धरायचे?

मासिक अकरा अंक चाललं आणि बंद पडलं. पुढे बाजारात कापून चिकटवायची अक्षरं आली, मामांचं काम आटलं. मग दम्यानं त्यांना घरी बसवलं. आज जाऊन बोलू, उद्या बोलू, असं करत मी पंधरा वर्षं घालवली. दोन गल्ल्यांचं अंतर होतं हो! ते गेले तेव्हा मी कारखान्यात होतो.

जलदान विधी झाल्यावर सुनीतानं मला थांबवलं. ती आता शाळेत शिक्षिका होती. कपाटावरून तोच पुठ्ठा काढून म्हणाली, "काका, हे तुमच्या मासिकाचं ना? अर्धंच आहे. बाबा तर काही अर्धं ठेवायचे नाहीत."

मी सगळं सांगितलं. काडीसकट सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या रविवारी आईनं पोहे केले होते. मी पाच कप विसळून ठेवले होते. अंधार पडेपर्यंत बाबांनी नीळ झाकून ठेवली नाही."

ती आत गेली आणि दोरा घेऊन आली. नीळ चोळून एक टोक तिनं धरलं, दुसरं माझ्यापुढे केलं. "धरा."

मी धरलं. तिनं टिचकी मारली. त्या सुंदर ळच्या डोक्यावर दोन निळ्या रेघा उठल्या, एकीला लागून एक.

मी टोक सोडलं नाही. कोणीतरी 'परत धरा' म्हणेल म्हणून तसाच उभा राहिलो.