अर्जमास्तर

अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाला अर्जमास्तर पहिला प्रश्न विचारायचे, "घरात रडतं कोण?" नाव-गाव सगळं मागाहून. किन्हवलीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ओटीवर डेस्क मांडून आसपासच्या वाड्यापाड्यांचे अर्ज फुकट लिहून देत. "साहेबाच्या पोटात कालवाकालव झाली पायजे रे, त्याशिवाय सही होत नाय," म्हणायचे. आणि खरंच व्हायची! माझी शिष्यवृत्ती त्यांच्याच अर्जावर मंजूर झालेली. वडील मी लहान असतानाच गेले होते, आई दुसऱ्यांच्या खाचरांत लावणीला जायची. ती निरक्षर, म्हणून मी जर्मनीला शिकायला गेल्यावर तिची पत्रंही मास्तरच लिहीत. खाली स्वतःची एक ओळ असायची, "दूध पीत जा."

तिथे परीक्षेला बसायचं तर आधी सहा महिने कारखान्यात काम केल्याचा दाखला लागे. परदेशी पोराला दारात कोण उभं करतो! कारखान्यांमागून कारखाने नकार कळवत होते. जागा मिळाली नाही तर गाशा गुंडाळून परत यायचं होतं. शेवटी एका कारखान्याने विचारलं, तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणी आहे का? मी आनंदाने मास्तरांचं नाव दिलं. शिफारसपत्र टाकायला ते स्वतः एस.टी.ने शहापूरला गेले होते म्हणे.

मॅनेजरने मला बोलावून ते इंग्रजी पत्र पुढे ठेवलं. सुंदर अक्षर. मुलाला बाप नाही, आई मजुरी करते, कित्येक दिवस एकवेळ जेवून शिकला, साहेबांनी दया करावी. एक अक्षर खोटं नव्हतं. मी हुशार आहे, हे मात्र कुठेच नव्हतं. मॅनेजर हळहळला. हे अवजड काम तुमच्या प्रकृतीला झेपणार नाही, म्हणाला, आणि स्वतःचा जुना ओव्हरकोट माझ्या हातात देऊन त्याने मला वाटेला लावलं.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांना लिहिलं, "तुम्ही मला भिकारी केलंत. यापुढे कुणाचंही वाटोळं करू नका." उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी मला दुसरीकडे जागा मिळाली, परीक्षाही झाली. पत्र मात्र मी मागे घेतलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

परतल्यावर भेटायला गेलो. ओटीवर लिहायचा डेस्क नव्हता. मी पाय धरले. ते म्हणाले, "ऊठ रे. तुझं काय चुकलं नाय. तिकडची रीत मला काय ठावी?" तेवढ्यात वाडीवरची एक बाई मुलीच्या वसतिगृहाचा अर्ज लिहून घ्यायला आली. मास्तरांनी हात जोडले. "आता मी लिवत नाय गो. माझ्या हातानं कामं बिघडतात." मी लिहून देतो म्हटलं. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

मला पुण्याला नोकरी लागली. दिवाळीला घरी आलो तेव्हा आई म्हणाली, मास्तर श्रावणातच गेले. मी तिच्यावर ओरडलो, "मला कळवलं का नाहीस?"

"कळवू कशी?" ती म्हणाली. "मला पत्र कोण लिवून देनार होता?"