पिवळ्या गाडीचे चार टायर

सिस्टर उकिडव्या बसायच्या, पुढच्या टायरच्या कुशीवर दोन बोटं ठेवायच्या आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहायच्या. मी पलीकडून विचारायचो, "लागतेय का नाडी?" बोटं न उचलता उत्तर यायचं, "पेशंट बोलतोय ना? मग घाई नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. सगळा जन्म नर्स म्हणून गेला, आधी नगरात, मग मस्कतला. कण्हणारा, शिव्या देणारा, मेलो मेलो म्हणून वॉर्ड डोक्यावर घेणारा पेशंट आला की बाई निवांत. गप्प पडलेला आला की मात्र त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. निवृत्त होऊन आमच्या केडगावच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा हेच वाक्य त्यांनी गुरगुरणाऱ्या मिक्सरला, ठिबकणाऱ्या नळाला आणि आमच्या नगरसेवकाला लावलं, आणि तिन्ही ठिकाणी ते बरोबर बसलं. पण टायर काही बोलत नाही. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तुम्ही त्या दिवसांत पुणे रस्त्यानं गेला असाल तर ती गाडी पाहिलीच असेल. पाहिली नसेल तर तुमच्या चाकाखाली तर आली नाही ना, तेवढं एकदा बघून घ्या. पिवळीजर्द, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार, आणि बुटकी इतकी, की आमच्या गल्लीतली एक शेळी एकदा तिच्यावरून चालत पलीकडे गेली आणि शेळीला वाटलं, नवा गतिरोधक केलाय. ही गोष्ट मी शपथेवर सांगतो. माझा धंदा मांडव आणि लाऊडस्पीकरचा. त्यामुळं गोष्ट थोडी मोठी करून सांगणं माझ्या धंद्यातच येतं. बारक्या आवाजात बोललेलं माझं मलाच पटत नाही.

मस्कतहून आल्यावर सगळ्यांनी त्यांना सांगितलं, फ्लॅट घ्या. बाई पुण्याला गेल्या आणि ही जुनी गाडी घेऊन आल्या. गल्ली आठवडाभर जेवली नाही. शेवटी मीच तोंड उघडलं, "सिस्टर, ही रेसची गाडी. तुम्हाला कशाला?"

"सगळी नोकरी उभ्यानं झाली, दादा," त्या म्हणाल्या. "हिच्यात पाय लांब करून बसता येतं."



चालवायच्या मात्र चाळीसच्या वेगानं. उतारावर पंचेचाळीस, आणि मग रविवारी चर्चमध्ये त्याबद्दल माफी मागत असाव्यात. गतिरोधक आला की गाडी खेकड्यासारखी तिरपी करून एकेक चाक उचलून पलीकडे ठेवायच्या. तेवढ्यात मागच्या एसटीचा कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन यायचा, कधी कधी भजीसुद्धा खाऊन.

ही गाडी खऱ्या अर्थानं धावायची ती फक्त रविवारी. चर्च सुटलं की श्रीरामपूर. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्का. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला, गुडघे कामातून गेलेले. रिक्षात बसली की ते गुडघे किंचाळायचे. या गाडीत पाय समोर लांब सोडून पडता यायचं. आक्काला आत बसवायला एक सिस्टर पुरायच्या, बाहेर काढायला शेजारची तीन घरं लागायची. मग दोघी पाटाच्या कडेनं, उसाच्या मधून फिरून यायच्या. अख्ख्या आठवड्यात आक्का उंबऱ्याबाहेर पडायची ती तेवढीच. सकाळपासून डोक्याला रुमाल आणि डोळ्याला काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेली असायची, विमान यायचं असल्यासारखी.

आणि एक दिवस हवा भरायला गेल्या तिथं टायरवाला शेठ म्हणाला, "बाई, हे टायर संपले."

"असे कसे? नक्षी तर कोरी करकरीत आहे."

"नक्षी कोरी आहे. रबर म्हातारं झालंय. या बाजूच्या भेगा बघा. तुम्ही गाडी चालवलीच किती? पण उन्हात उभी राहून राहून वय झालं त्यांचं. आता गावाबाहेर न्यायची नाही, सांगून ठेवतो. रस्त्यात फुटला तर मला बोल नको."

सिस्टर परत आल्या त्या तोंडातल्या तोंडात एकच पुटपुटत, "न झिजता म्हातारे. कमाल आहे. न झिजता."

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेल्या. शेठनं आमच्यासमोर तीन टायर उभे केले, मुली दाखवाव्यात तसे. "हा रस्त्याला गोचिडीसारखा धरतो, पण लवकर झिजतो. हा झिजत नाही, पण कडक आहे, खड्डा कमरेला कळतो. हा तिसरा मऊ चालतो, आवाज करत नाही. पण वेगात वळण घेतलंत तर पहिल्याइतका धरणार नाही. कोणता देऊ?"

"तुम्ही लिहून द्या," सिस्टर म्हणाल्या.

"मी काय लिहून देणार? तुम्ही कशा चालवता त्यावर आहे."

"चालवते म्हणजे... मी बसते आणि ती जाते."

शेठनं माझ्याकडे बघितलं. मी टायरकडे बघितलं. टायरनं कुणाकडेच बघितलं नाही. वर शेठ म्हणाला की हिचे पुढचे टायर वेगळ्या मापाचे, मागचे वेगळ्या. मस्कतला एका वेळी चार-चार सलाइनच्या बाटल्या सांभाळलेली बाई, दुकानाच्या पायरीवर बसली.

"अहो दादा," बाहेर आल्यावर म्हणाल्या, "जन्मभर डॉक्टरनं लिहिलं आणि मी दिलं. आता हे लिहायचं कुणी?"

इथं मी म्हणालो, "विचारू की चार जणांना." हे वाक्य मी बोलायला नको होतं, पण बोललो, आणि माझा आवाज कसा ते तुम्हाला सांगितलंच आहे. संध्याकाळपर्यंत केडगावातला प्रत्येक माणूस टायरचा डॉक्टर झाला.

पहिला आला भाऊसाहेब. पाथर्डीचा, माणसं कोंबून नेणारी वडाप जीप चालवतो, आमच्या गल्लीत मेव्हण्याकडे मुक्कामाला असतो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "शिस्टर, मानसं किती बसत्यात?"

"दोन."

"न्हाई, आत दोन. वर किती?"

"वर कुणी बसत नाही, भाऊसाहेब."

"मागं लटकून?"

"कुणी नाही."

भाऊसाहेबाला फार वाईट वाटलं. "मंग कडकच घ्या. आज न्हाई बसत, उद्या बसतील. टायर कसा, लोड घेनारा पायजे. आमी ऊसतोडीची मानसं भांड्याकुंड्यासकट नेतो, टायर हूं का चूं करत न्हाई."

सिस्टरांना पटलं. कडकच घ्यायचा. तेवढ्यात पुण्याहून आक्काच्या मुलाचा फोन. "मावशी, वेड्यासारखं करू नकोस. स्पोर्ट्स कार आहे ती. चिकटून धरणाराच घे. ताशी दोनशेला त्यानंच तुझा जीव वाचणार आहे."

"दोनशेला मी कधी जाणार, बाळा?"

"जाशील कधीतरी."

तेही पटलं. सिस्टरांना सगळ्यांचंच पटायचं, हीच तर पंचाईत होती. मीही माझं मत दिलं. मला रुंद टायर आवडतात. वरातीत शोभतात. माझं तर जास्तच पटलं.

यात पहिला रविवार गेला. सिस्टर एसटीनं श्रीरामपूरला जाऊन आल्या, पण एसटीनं सिस्टर आक्कापर्यंत गेल्या, आक्का कुठंच गेली नाही. रुमाल बांधून, चष्मा लावून दिवसभर ओट्यावर बसली आणि संध्याकाळी रुमाल सोडून घडी घातली म्हणे. दुसरा रविवारही तसाच. फोनवर म्हणाली, "होऊ दे गं सावकाश, ऊस काही पळत नाही." पण सिस्टरांना तो आवाज बारीक वाटला. गप्प होत चाललेला पेशंट त्या लांबूनच ओळखायच्या.

आणि तरी ठरत नव्हतं. सकाळी कडक, दुपारी चिकट, संध्याकाळी रुंद. पुढचे एका जातीचे आणि मागचे दुसऱ्या जातीचे घातले तर, असाही एक विचार निघाला. शेठनं कानावर हात ठेवले. केडगावात एका लग्नाला माझा मांडव होता. तिथं जेवणाच्या पंगतीत टायरचा विषय निघाला आणि माझा माइक चुकून चालू राहिला. नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून मत दिलं. नवरीचं मत वेगळं पडलं. दोन्हीकडचे व्याही अजून बोलत नाहीत.

तिसऱ्या रविवारी माझं श्रीरामपूरला एक काम निघालं. टेम्पोत खुर्च्या, पडदे, भोंगे. मी म्हणालो, "सिस्टर, चला, एसटीपेक्षा बरं." त्या माझ्या शेजारी चढल्या. रस्ताभर मांडीवर दोन बोटं वाजवत होत्या. कडक, चिकट, रुंद. कडक, चिकट, रुंद.

आक्का ओट्यावर तयारीनिशी बसलेली. टेम्पो बघून तिनं चष्मा वर केला. "हे काय? एवढ्या खुर्च्या कशाला आणल्या? मी काय गेले की काय?"

सिस्टर तिच्या पायाशी बसल्या आणि सगळं सांगू लागल्या. शेठ, भेगा, भाऊसाहेब, दोनशेचा वेग. आक्का मान हलवत होती. हो. हो का. बरं. मी पायरीवर बसून मधेमधे रुंद टायरची बाजू लावत होतो. बऱ्याच वेळानं सिस्टर थांबल्या. "बोल ना आक्का. कुठला घेऊ?"

"हो," आक्का म्हणाली.

"हो काय? कुठला?"

"या बाजूनं ये," आक्का म्हणाली आणि डावा कान पुढं केला. सिस्टर उठल्या, डावीकडे जाऊन बसल्या आणि पुन्हा विचारलं. आता आक्काला नीट कळलं. तिनं थोडा विचार केला. "त्यातला आवाज न करणारा कुठला?"

"एक आहे तिसरा."

"तो घे."

"का गं?"

"तू बोलतेस ते ऐकू येईल."

सिस्टर हसल्या. "आत्तापर्यंत येत नव्हतं वाटतं?"

"कुठलं येतंय. माझा उजवा कान तुझ्या मस्कतच्या वेळेलाच गेला. डाव्याला खिडकी. तू स्टेअरिंग धरून बोलायचीस ते सगळं उजव्या बाजूला, आणि खालून टायर घुंऽऽऽ करायचे. तुझं तोंड हललं की मी मान हलवायचे. बरं वाटायचं."

सिस्टरांचं हसू तसंच राहिलं, पण आतून निघून गेल्यासारखं. "म्हणजे मस्कतचं मी तुला सांगितलं ते?"

"काय सांगितलंस?"

"त्या पाटाच्या पुलापाशी मी गाडी थांबवून रडले, तेव्हा?"

"मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला. म्हणून तर रुमाल दिला."

मी पायरीवरून उठलो आणि उगाच भोंग्याची दोरी आवळायला गेलो. आवळायची काही गरज नव्हती. मस्कतचं काय होतं ते मला माहीत नाही. एरवी मी काहीतरी बनवून तुम्हाला सांगितलं असतं, आणि चांगलं सांगितलं असतं.

मागून सिस्टरांचा आवाज आला, बारका. "मग ते सगळं पुन्हा सांगावं लागेल, आक्का."

"सांग की," आक्का म्हणाली. "मी बोलतेय ना अजून? मग घाई कसली?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर शेठच्या दुकानात एकट्या गेल्या आणि कुणालाही न विचारता तिसरा टायर सांगून आल्या. मागचं माप शेठकडे नव्हतं, मागवावं लागलं. ते येईपर्यंत त्या रोज दुकानावर जायच्या आणि शेठच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. पेशंटच्या नातेवाइकासारखं डॉक्टरसमोर उभं राहण्याची त्यांच्यावर बहुधा पहिलीच वेळ. भाऊसाहेबानं ऐकलं तेव्हा हळहळला. "गेलं वाया. लोडच न्हाई घेनार."

टायर बसले. गाडी गल्लीतून निघाली आणि कुणाला कळलंच नाही. आमचं कुत्रं तिच्या वाटेत झोपलं होतं. त्याच्या कानाशी हॉर्न वाजवावा लागला. सिस्टरांनी बोटं ठेवून नाडी बघितली, आणि त्या रविवारी श्रीरामपूरला गेल्या त्या सोमवारी परतल्या. पुढच्या खेपेला बुधवारी. मग एकदा आल्या त्या घर रिकामं करायला. सामान माझ्याच टेम्पोत आक्काकडे गेलं. आता त्यांच्या दारासमोर, जिथं गाडी उभी असायची, तिथं ती शेळी बसलेली असते. चढायला काही नाही म्हणून नाराज दिसते.

मागं एकदा पाटाच्या पलीकडे एका साखरपुड्याचा मांडव होता. टेम्पो भोंग्यांनी भरलेला. वळणावर लांबूनच पिवळं दिसलं. एका बाभळीखाली गाडी उभी होती. काचा वर, इंजिन बंद. ज्या टायरपायी केडगावात दोन व्याह्यांचं बोलणं तुटलं, ते टायर गवतात निवांत पडलेले. पण आत आक्का स्टेअरिंगसमोर बसली होती. चालवायला नव्हे, त्या जागेवर बसलं की तिचा चांगला, डावा कान सिस्टरांकडे येतो, हा हिशेब मला डोळे चोळून पुन्हा बघितल्यावर कळला. सिस्टर पलीकडच्या सीटवर, पाय लांब सोडून बसलेल्या. तोंड आक्काकडे. आक्का डावा कान पुढं करून ऐकत होती. मान हलवत नव्हती. मधेच काहीतरी विचारत होती.

मी हॉर्नवर ठेवलेला हात काढला, टेम्पो न्यूट्रलला टाकला आणि उतारावरून सोडून दिला. खुर्च्या तेवढ्या मागं खुळखुळत राहिल्या.